पायपेटीच्या सुरातून पॅड करतेय, पण लूपचा सांधा ऐकू येतो

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी मंडळाचं दोन अंकी नाटक नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आहे. पार्श्वसंगीत माझ्याकडे आलंय. दुसऱ्या अंकात ११ मिनिटांचा एक प्रवेश आहे. रात्रीची वेळ, नदीची तर (होडी लागते ती जागा), होडीची वाट बघत बसलेली म्हातारी आणि तिचा पुतण्या. बोलणं थोडं, मधले थांबे मोठे. दिग्दर्शकाला त्याखाली अखंड एक सूर हवाय, ज्याला पॅड म्हणतात. धून नको, ठेका नको. शेवटी म्हातारी एक ओवी म्हणते, ती काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून.

तयार पॅड बरेच ऐकले. छान असतात, पण त्या तरीवर ते बसत नाहीत. फार स्वच्छ वाटतात. मग आजोबांची पायपेटी आठवली. आजोबा दशावतारात पेटीवर असायचे. रात्री अकराला नाटक उभं राहिलं की पहाटेपर्यंत पाय चालू. ते गेल्यापासून पेटी पडवीत झाकून ठेवली होती. भात्याचं चामडं एका घडीवर चिरलंय, वारा गळतो, वरचे तीन सूर बोलतच नाहीत. पण खालचे सूर लावले की पडवीची फळी हलते.

मी असं केलं: रात्री एकनंतर फ्रिज आणि पंखे बंद करून रेकॉर्डिंग केलं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डर पेटीच्या मागे दोन हातांवर ठेवला होता. काळ्या-पांढऱ्या धरून दर तिसरी पट्टी घेतली, प्रत्येक सूर १४ सेकंद. त्याहून जास्त वेळ एकटीला जमेना. पाय मारायचे, पट्टी धरायची आणि हलायचंही नाही. रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये तुकडे कापून डिसेंट सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले सूर कळांवर वाजवणारा प्रोग्रॅम) घातले आणि प्रत्येक सुराला साधारण ६ सेकंदांचा लूप लावला, म्हणजे तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

आता अडचण. लूप फिरतो तिथे 'टक्' असा बारीक आवाज येतो. त्याशिवाय दर सहा सेकंदांनी सूर जरा बसतो आणि पुन्हा उठतो. एकदा लक्षात आलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. आणि सॅम्पल केलेल्या सुराच्या खाली चार-पाच पट्ट्या गेलं की पेटी पेटी राहत नाही, आजारी जनावरासारखी घरघरते.

आजोबा मला पाय मारायला बसवायचे तेव्हा एकच सांगायचे, "वारो तुटाक देव नको." माझ्या लूपमध्ये नेमका वाराच तुटतोय. कुणी मार्ग सांगेल का? पेटी बदलायची नाही, एवढंच.

झिरोक्रॉसिंग

'टक्' आधी घालवू, ते सोपं आहे. लूपच्या शेवटी लहर जिथे असते आणि सुरुवातीला जिथे असते, त्या दोन जागा जुळत नाहीत म्हणून आवाज येतो. क्रॉसफेड, म्हणजे शेवट विरत असताना त्यात सुरुवात मिसळणं, लावला आहे का? डिसेंट सॅम्पलरची प्रीसेट फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. लूपची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो तिथेच क्रॉसफेडची लांबी लिहायची, पण ती सेकंदांत नसते, सॅम्पलमध्ये (आवाजाच्या सुट्या नोंदींत) असते. तुमचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झचं आहे, सेकंदाला ४८००० नोंदी, म्हणजे २ सेकंदांचा क्रॉसफेड ९६००० होईल.

यात एक गोष्ट बहुतेकांची चुकते. क्रॉसफेड लूपच्या सुरुवातीआधीचा आवाज वापरतो. तुमचा लूप फाईलच्या अर्ध्या सेकंदापासून सुरू होत असेल, तर २ सेकंदांचा क्रॉसफेड आणणार कुठून? लूपची सुरुवात निदान तिसऱ्या सेकंदापुढे न्या.

दुसरं, क्रॉसफेडचा प्रकार. दोन टोकांचे आवाज एकमेकांशी जुळलेले असतील तर साधा, सरळ रेषेतला घ्या. जुळलेल्या आवाजांवर 'समान शक्ती'वाला लावला तर मध्ये ३ डेसिबलचा उंचवटा येतो. उलट दोन टोकं एकमेकांपासून सुटी असतील, म्हणजे वाऱ्याची सळसळ, गायकवृंद, पाऊस, आणि तुम्ही सरळ रेषेतला लावला, तर मध्ये तेवढाच खड्डा पडतो. पेटीला दोन्ही लावून बघा आणि कान सांगेल ते ठेवा.

कर्लीकाठ

झिरोक्रॉसिंग, मनापासून आभार. लूपची सुरुवात ४ सेकंदांवर नेली, क्रॉसफेड २ सेकंद केला, 'टक्' गेलं. तो खड्डाही माझ्याकडे होता, समान शक्तीवर नेल्यावर भरला.

पण सूर बसणं-उठणं तसंच आहे. उलट आता सांधा गुळगुळीत झाल्यामुळे ते जास्त जाणवतं. काल तालमीत लावलं तर पुतण्याचं काम करणारा मुलगा नकळत त्या सहा सेकंदांवर वाक्यं टाकायला लागला. हे मला फार लागलं. त्या प्रवेशाला ठेका नको म्हणून तर हा खटाटोप.

मंद्र_मिरज

कर्लीकाठ ताई, तुमच्या त्या मुलाच्या वाक्यांवरून दुखणं बरोबर कळलं. सांधा लपवून हे बरं होणार नाही. सांधा दिसला नाही तरी कान फेरी मोजतोच.

मी मिरजेत राहतो, वाद्यं बनवणारा नाही, नोकरदार माणूस. पण गेली नऊ वर्षं स्वतःच्या रियाजासाठी ओळखीच्यांचे तंबोरे सॅम्पल करतोय. पहिल्या वर्षी मी तंबोऱ्याचं अख्खं आवर्तन रेकॉर्ड केलं, प-सा-सा-सा, आणि त्याचा लूप केला. सांधा इतका सुरेख की स्वतःलाच सापडेना. तरी पाव तासात गाणं जड व्हायला लागायचं. तिसऱ्या तारेवर जवारी (घोडीवर तार घासून येणारी गुंजन) जराशी जास्त फुलली होती, आणि ती दर आवर्तनाला तितकीच फुलायची. खऱ्या तंबोऱ्यात बोट कधी पुढे पडतं, कधी मागे, जीव (तारेखालचा दोरा) जरा सरकतो, एक फुलणं दुसऱ्यासारखं नसतं. शेवटी चार तारा सुट्या सुट्या रेकॉर्ड केल्या, प्रत्येकीचे सहा-सहा आघात घेतले, तेव्हा कुठे ते यंत्र माझ्या गळ्याला सोबत करायला लागलं.

पेटीलाही हेच लागू आहे. ड्रोन, म्हणजे अखंड आधाराचा सूर, स्थिर नसतो, तो हलत असतो म्हणूनच आपण त्यात बसू शकतो. फक्त ती हालचाल पुन्हा तशीच्या तशी समोर येता कामा नये. म्हणून जे हलतं ते लूपमध्ये कोंडू नका. लूपमध्ये शक्य तितका सपाट सूर ठेवा आणि हलणं सॅम्पलरमध्ये घडवा.

तुमच्या पेटीत दोन गोष्टी हलतायत. एक म्हणजे भात्याचा दाब. पाय बदलताना दाब पडतो, सूर किंचित उतरतो. तुमच्या लूपमध्ये असा एक उतार सापडला आहे आणि तोच दर सहा सेकंदांनी परत येतोय. दुसरी म्हणजे रीडच्या (सूर देणाऱ्या पितळी पात्यांच्या) दोन ओळींमधली लहर, म्हणजे आवाजाचं संथ चढणं-उतरणं. पायपेटीत खर्ज आणि नर अशा दोन ओळी एकत्र वाजत असतील तर त्या तंतोतंत मिळालेल्या नसतात, आणि त्यातून ती संथ लहर येते. ती रेकॉर्डिंगमध्ये असली की लूपची लांबी तिच्या पूर्ण पटीत बसवावी लागते, नाहीतर लहर मध्येच ठेचकाळते. प्रत्येक सुराची लहर वेगळी, मग किती बसवणार? त्यापेक्षा एक स्टॉप (ओळ चालू-बंद करणारी खुंटी) बंद करून एकच ओळ रेकॉर्ड करा, नंतर दुसरी ओळ वेगळी.

आता रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागेल, त्याला इलाज नाही. १४ सेकंद पुरणार नाहीत. प्रत्येक सूर ४० सेकंद घ्या. घरातल्या कुणाला तरी पाय मारायला बसवा आणि पट्टी दाबून ठेवायला शेजारच्या पट्टीच्या फटीत कागदाची घट्ट घडी खोचा. हात मोकळे राहतात आणि बोटाचा कंप सुरात उतरत नाही. पाय मारणाऱ्याला जोर नको, लहान लहान आणि सतत मारायला सांगा. आजोबांचं वाक्य इथे शब्दशः लागू आहे.

सूर कमी घ्या, पण नेमके घ्या. ओवी काळी चारमध्ये आहे, म्हणजे तुम्हाला मंद्रातला सा, त्याचा पंचम म्हणजे काळी दोन, आणि वरचा सा. बस. सगळी पट्टी भरायची गरजच नाही. घरघर होते ती यामुळे: पाच पट्ट्या खाली गेलात की सॅम्पलर फाईल पाव हिश्श्याने हळू वाजवतो, भात्याचा श्वास, लाकडाची कुरकुर, सगळंच हळू होतं. सूर खाली गेला तर चालतो, पेटीचं शरीर खाली जाता कामा नये. ज्या सुरावर ड्रोन हवा तोच रेकॉर्ड केला की हा प्रश्नच उरत नाही. खालचा आणि वरचा सा एकाच फाईलमधून काढायचा मोहही टाळा. एका सप्तकाच्या अंतरावर लूप बरोबर अर्धा होतो आणि दोन्ही पुन्हा हातात हात घालून फिरायला लागतात.

मग रचना अशी करा. मंद्र सा-साठी तीन थर. तिन्ही एकाच ४० सेकंदांच्या फाईलमधून, पण वेगवेगळ्या जागेवरून, आणि लूप ७ सेकंद, ११ सेकंद आणि १७ सेकंदांचे. या तीन आकड्यांना समान विभाजक नाही, त्यामुळे तिघे पुन्हा एकदम सुरुवातीला यायला १३०९ सेकंद लागतात, जवळजवळ २२ मिनिटं. तुमचा प्रवेश ११ मिनिटांचा. म्हणजे दाबाचे उतार आले तरी दर वेळी नव्या जागी, नव्या जोडीने येतील. कानाला मोजायला काही सापडणार नाही.

तीन थरांपैकी एक जसाच्या तसा ठेवा, दुसरा ५ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे १ सेंट) चढवा, तिसरा ३ सेंट उतरवा. डिसेंट सॅम्पलरमध्ये ट्यूनिंग सेमीटोनमध्ये, म्हणजे त्या अख्ख्या अंतराच्या हिशेबात, लिहितात, म्हणून ५ सेंट म्हणजे ०.०५. यातून लहर किती वेगाची होईल ते आधीच काढता येतं: दोन सुरांच्या हर्ट्झमधला फरक म्हणजे सेकंदाला तेवढ्या लहरी. काळी चारचा मंद्र सा सुमारे १०३.८ हर्ट्झ. त्यावर ५ सेंट म्हणजे ०.३ हर्ट्झ, साधारण सव्वातीन सेकंदांना एक लहर. श्वासाइतकी संथ. पण वरच्या सा-ला तेच ५ सेंट लावलेत तर लहर दुप्पट वेगाने धावते आणि सूर थरथरल्यासारखा वाटतो. म्हणून वरच्या थरांना निम्मंच चढवा-उतरवा. नवखे इथे सगळीकडे एकच आकडा लावतात आणि पॅड वरती कापरा का लागतो हे त्यांना कळत नाही.

पंचमाचं वेगळं सांगतो, कारण हे ओवीसाठी आहे. संगणकातला पंचम ७०० सेंटवर असतो, गळ्यातला आणि तंबोऱ्यातला ७०२ वर. दोन सेंट म्हणजे काय एवढं, असं वाटतं. पण सा-चा तिसरा हार्मोनिक (सुरात मिसळलेला, त्याच्या पटीतला वरचा सूर) ३११.५ वर आहे आणि संगणकाच्या पंचमाचा दुसरा हार्मोनिक ३११.१ वर. तिथे साधारण तीन सेकंदांनी एक लहर उठते, आणि ती तुमच्या इच्छेची नाही. पंचमाला ०.०२ चढवा, ती शांत होते. बाई ओवी उचलतील तेव्हा सुराला टेकायला जागा मिळेल. पेटी मुळात जुन्या सुराला मिळवलेली असेल तर आधी ट्यूनरवर प्रत्येक फाईल तपासा, किती खाली-वर आहे ते लिहून ठेवा, आणि हे सगळे आकडे त्यानंतर.

सुराची सुरुवात कापा. पट्टीचा खटका आणि रीड बोलायला लागते तो क्षण, दोन्ही जाऊ द्या. फाईल दीड सेकंदापासून वाजू दे. वाद्य आपण बरंचसं त्याच्या सुरुवातीवरून ओळखतो. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत संगीतकार पिएर शेफर यांनी घंटेच्या रेकॉर्डिंगमधला टोल कापून नुसता मागचा नाद वाजवला, तर ती घंटा वाटेना. त्याच सुमारास ते तबकडीची खाच गोल बंद करून तोच तुकडा फिरवत ठेवायचे. आपला लूप तिथूनच आला आहे. खटका गेल्यावर अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) ५ सेकंद, रिलीज (कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) ९ सेकंद द्या. पेटी आहे हे कुणाला पटकन कळणार नाही, आणि त्या प्रवेशाला तेच हवं असावं असं मला वाटतं.

आता या सगळ्यात मला सर्वात जवळची वाटणारी गोष्ट. कुठलीही पट्टी न दाबता नुसता भाता चालवा आणि ९० सेकंद रेकॉर्ड करा. ज्या चिरेतून वारा गळतो तिच्या अगदी जवळ रेकॉर्डर धरा. हा थर वेगळा ठेवा, त्याचं की-ट्रॅकिंग शून्य करा, म्हणजे कुठलीही कळ दाबली तरी वारा आपल्याच वेगाने वाहतो. तुमच्या जुन्या फाईलमध्ये वारा सुराला बांधलेला होता, सूर खाली गेला की तोही ओढला जायचा. सुटा केलात की तो आख्ख्या प्रवेशाचा श्वास होईल. नॉइज रिडक्शनने त्याला पुसायला जाऊ नका. सूर पाण्यात बुडवल्यासारखा होतो आणि परत येत नाही.

साउंडवाला_डोंबिवली

मंद्र_मिरज यांचं लिखाण वाचून मीच दोन जुन्या फाईली उघडून बसलो. त्यांनी ध्वनीचं सांगितलं, मी नाट्यगृहाचं सांगतो, कारण हे शेवटी तिथे वाजणार आहे.

शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि ती २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतात. तो पट्टा रिकामा ठेवा. लो-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या वरचा आवाज गाळणारा) ९०० हर्ट्झच्या आसपास ठेवलात की पॅड शब्दांच्या खाली जातो. थांबा आला की हळूच १४०० पर्यंत उघडा. एलएफओ, म्हणजे फिल्टरची आपोआप होणारी संथ उघड-झाक, लावता येईल, ०.०२ हर्ट्झ म्हणजे ५० सेकंदांची एक फेरी, पण नाटकात मी तरी तो लावणार नाही. नटांचे थांबे रोज वेगळे पडतात. फिल्टर कीबोर्डवरच्या मॉड्युलेशन चाकावर घ्या आणि स्वतः हाताने उघड-झाक करा, म्हातारीकडे बघत. याच कारणासाठी प्रवेशाची तयार फाईल वाजवण्यापेक्षा सॅम्पलर तिथे जिवंत चालवणं चांगलं. मात्र १५ मिनिटांची छापलेली फाईल दुसऱ्या यंत्रावर तयार असू द्या. लॅपटॉप अडला तर त्या यंत्राचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर, बास.

वाऱ्याच्या थराबद्दल सावध. त्याची सळसळ नेमकी 'स', 'श', 'च' यांच्यावर येते. तो सुरापेक्षा खूप खाली ठेवा आणि त्याचा आवाज वेगळ्या नॉबवर घ्या.

लॅपटॉप प्रवेशापुरता बॅटरीवर चालवा. आपली वीज ५० हर्ट्झची, चार्जरची आणि दिव्यांच्या डिमरची गुणगुण ५० आणि १०० वर येते. तुमचा सा १०३.८ वर. १०० ची गुणगुण स्पीकरमध्ये असेल तर सेकंदाला जवळजवळ चार ठोके पडतील आणि तुम्ही शोधत बसाल की पॅड का थरथरतोय. माझं एका तालुक्याच्या नाट्यगृहात असंच झालं होतं. दोन तास फाईलींवर संशय घेतला, चार्जर काढला आणि सगळं शांत.

स्पीकर जमलं तर नेपथ्याच्या मागे, पडद्याकडे तोंड करून ठेवा. समोरच्या स्पीकरमधून आलं की नट आणि सूर एकाच तोंडातून बोलल्यासारखे होतात. मागून आलं की सूर जागेचा होतो. आणि पातळी ठरवताना तुम्ही मिक्सरपाशी बसू नका. शेवटच्या रांगेत बसा, म्हातारीला तिचं सर्वात हळू वाक्य बोलायला लावा. एक शब्द जरी गेला तरी पॅड खाली.

रिव्हर्ब (घुमारा) फार देऊ नका. नाट्यगृहाचा स्वतःचा असतोच.

कर्लीकाठ

उशिरा लिहितेय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पहिला आठवडा पावसातच गेला. कौलांवर पाऊस वाजत असताना काही रेकॉर्ड होणं शक्य नव्हतं, आणि पाऊस थांबला की बेडूक. एका मंगळवारी रात्री दोनला दोन्ही थांबले. चुलतभावाला उठवलं, तो पायाला बसला. कागदाची घडी खोचण्याची युक्ती पहिल्याच फटक्यात जमली. बसच्या तिकिटांची घडी पुरली. आजोबांनी स्टॉपवर काळ्या रंगाने खुणा केल्या आहेत, त्या पहिल्यांदाच नीट बघितल्या. एक ओळ बंद करून ४० सेकंद, मग दुसरी. पेटी काळी चारला १८ सेंट खाली निघाली, पंचम ११ सेंट खाली. प्रत्येक फाईलच्या नावातच आकडा लिहून ठेवला.

भावाचे पाय माझ्यापेक्षा चांगले निघाले. लहान लहान मारतो. तरी बाविसाव्या सेकंदाला एक उतार आहेच. १७ सेकंदांच्या लूपमध्ये तो मुद्दाम ठेवला, बाकी दोन लूप त्याला टाळून घेतले. आता तो उतार येतो, पण दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी खांद्यावर पडतो, त्यामुळे सूर बसल्यासारखा वाटत नाही, वळल्यासारखा वाटतो. सगळ्यात आधी तो मुलगाच तपासला. तीन तालमी झाल्या, वाक्यं कुठल्याही ठेक्यावर पडत नाहीत. थांबा त्याचा त्याला सापडतोय.

पंचमाचे दोन सेंट. मला खरंच वाटत नव्हतं की काही कळेल. म्हातारीचं काम करणाऱ्या आमच्या मावशी गाणं शिकलेल्या नाहीत, ओव्या मात्र त्यांच्या आईकडून आलेल्या. एक दिवस त्यांना न सांगता ०.०२ काढून टाकलं. ओवी झाल्यावर म्हणाल्या, आज सूर पायाखालून सरकत होता. परत लावलं.

नुसत्या वाऱ्याचा थर केला. रेकॉर्डर चिरेपाशी, पेटीच्या डाव्या अंगाला, चार बोटांवर. ९० सेकंदांत चामड्याचा एक बारीक 'चुर्र' आवाज येतो तो तसाच राहू दिला. परवा घरी हेडफोन न लावता वाजवत होते, फक्त वारा आणि खालचा सा, फिल्टर ७०० वर. बाबा अंगणातून आत आले आणि विचारलं, भाता कोणी सोडला? सूर कुठला आहे ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पेटीवरचं कापड तसंच होतं, तरी ते जाऊन बघून आले.

स्पीकर मागे लावायचं अजून करून बघायचं आहे, नाट्यगृह रविवारी मिळतंय. एकच अडलंय. ओवी सुरू होताना पॅड कसा काढू? एकदम कळा सोडल्या तर ९ सेकंदांत सगळं जातं आणि मावशी उघड्यावर पडतात. ठेवला तर ओवी एकटी राहत नाही, आणि ती एकटी असावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

मंद्र_मिरज

कापडाखालची पेटी बघून आलेल्या तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

सगळं एकदम सोडू नका. ओवीच्या आधीच्या शेवटच्या वाक्यावर वरचा सा सोडा, मावशींनी श्वास घेतला की पंचम. खालचा सा पहिल्या ओळीभर राहू दे, दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांचा सूर बसलेला असेल, तेव्हा तो. त्यासाठी तिन्ही सूर वेगवेगळ्या चॅनलवर घ्या आणि खालच्या सा-चा रिलीज ९ वरून १५ सेकंदांवर न्या, म्हणजे गेला तो क्षण कुणालाच सापडणार नाही. वारा मात्र काढू नका. साउंडवाला म्हणतात तसा तो वेगळ्या नॉबवर आहेच, अगदी ऐकू येईल न येईल इतका ठेवा आणि ओवी संपून अंधार झाल्यावर भाता थांबतो तसा हाताने थांबवा.

कर्लीकाठ

आत्ताच करून बघितलं. वारा राहिला तरी ओवी एकटीच वाटते. १५ सेकंद मात्र जास्त होतात, मावशींची दुसरी ओळ खालून सुरू होते आणि तिथे सा अजून असतो. १२ वर ठेवलाय. रविवारी नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून ऐकून पुन्हा लिहिते.